मी घागर फुंकली

माझ्याकडून त्यांना एकच वाक्य हवे होते: माझी चूक झाली. देवीच्या पाटापुढे उभे राहून ते म्हणायचे, मग तीन दिवस उपोषण, पंचगव्य, आणि यापुढे घरातल्या कोणत्याही भांड्यातून नाद काढणार नाही अशी शपथ. वाक्य अगदी लहान होते. वडिलांनी मला ज्या वृत्तांवर वाढवले त्यांपैकी एकाचाही चरण त्याने भरला नसता. ते मी म्हटले नाही. आज माझ्या हातांवर शिरा वर आल्या आहेत, दात निम्मे उरले आहेत, आणि ते वाक्य अजूनही तोंडातून निघालेले नाही. का निघाले नाही, ते स्वच्छ अक्षरात लिहून ठेवते, कारण घरात त्या संध्याकाळची जी हकीकत सांगतात ती वेगळी आहे. त्या हकीकतीत माझ्या अंगात आले होते. अंगात काही आले नव्हते. मी पूर्ण शुद्धीवर होते, आणि जे केले ते ठरवून केले.

माझे माहेर कृष्णाकाठचे. वडील देवळात पुराण सांगत आणि दुपारी घरी मला छंद शिकवत. सारवलेल्या अंगणात चिंचोके आणि सागरगोटे मांडायचे. चिंचोका म्हणजे लघू, सागरगोटा म्हणजे गुरू. ओळ मांडून झाली की ते म्हणत, "आता डोळे मीट, आणि हे वृत्त आपल्या घरात कुठे चालले आहे ते सांग." पहिल्या दिवशी मला काहीच सापडले नाही. तिसऱ्या दिवशी सापडले. आई ताक घुसळत होती. रवीचा दोर एकदा आखूड ओढला जाई आणि दोनदा लांब; पुन्हा एकदा आखूड, दोनदा लांब. चिंचोका, सागरगोटा, सागरगोटा. भुजंगप्रयात माझ्या आईच्या मनगटात होते आणि तिला त्याचे नावही ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून घर मला पोथीसारखे वाचता येऊ लागले. शेजारचे गृहस्थ विचारत, "पुराणिकबोवा, मुलगा नाही म्हणून मुलीवर हौस भागवता होय?" वडील म्हणत, "छे. हिला ऐकू येते म्हणून."

सासर पुण्याचे, कसबा पेठेतले. एकोणिसाव्या वर्षी नवरा तापाने गेला. केस गेले, लाल आलवण अंगावर आले, हातांतल्या बांगड्या फुटल्या. केसांविषयी सगळे हळहळतात. बांगड्यांविषयी मला बोलायचे आहे. समज आल्यापासून माझ्याबरोबर चालत आलेला एक आवाज त्या दिवशी थांबला. मी पाणी काढी, भाजी निवडी, दिवा सरसा करी, आणि हाताबरोबर काहीच वाजत नसे. कितीतरी महिने मला माझ्याच हालचाली दुसऱ्या कोणाच्या वाटत.

नियम ठरलेले होते. मी गायचे नव्हते, देवापुढेही नाही. जात्यावर ओवी म्हणायची नव्हती. मंगलकार्यात समोर यायचे नव्हते, सौभाग्याच्या वस्तूला बोट लावायचे नव्हते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी दप्तरात कारकून होते आणि घरही दप्तरासारखेच चालवत. कागदांच्या गठ्ठ्यासारखा प्रत्येक माणूस आपापल्या रुमालात बांधलेला, गाठ पक्की. माझ्या रुमालात सोवळ्याचा स्वयंपाक होता आणि मौन होते. पण गाऊ नये असे ठरवणाऱ्यांनी ऐकू नये असे ठरवले नव्हते. बहुधा सुचले नसावे.

मग मी ऐकू लागले. तांदूळ पाखडताना सुपाच्या टोकाशी दाणे आपटतात तेव्हा एक आवाज, मागे सरकतात तेव्हा दुसरा. खलबत्त्यात आले कुटताना ओला ठोका आणि मिरे कुटताना कोरडा. जात्यात एक मूठ दाणे कमी घातले की सूर चढतो, एक मूठ जास्त घातले की तो खाली उतरतो. मधे हात क्षणभर थांबवला की यतीसुद्धा साधते. ओवी म्हणायची मला बंदी होती, म्हणून मी ती जात्याला म्हणायला लावली. तीन लांब फेरे, मग एक तोकडा. घरातल्या बाकीच्यांना वाटे, दळण चालले आहे. कळले असते तरी ते बंद करणे सोपे नव्हते. त्यासाठी पोळ्या बंद कराव्या लागल्या असत्या.

भांड्यांच्या खरेदीला मात्र माझा कान घराला हवा असे. नवी घागर, नवा तपेला घ्यायचा झाला की सासूबाई मला बरोबर घेऊन तांबट आळीत जात. आळीत शिरण्याआधीच ती ऐकू येई. तांब्यावर पडणाऱ्या कितीतरी हातोड्या, कोणाची कोणाशी ओळख नसल्यासारख्या, आणि तरी मधूनच सगळ्या एका ठोक्यावर येणाऱ्या. सासूबाई कानावर पदर ओढून घेत. मी माझा किंचित मागे सारी. तिथला एक म्हातारा तांबट मला पाहिले की हातोडी खाली ठेवी.

"आल्या का कानवाल्या बाई," तो सासूबाईंना म्हणे. "आजी, यांना घरी ठेवून येत जा हो. माझं दुकान बसेल."

"मग भांडी चांगली कर," सासूबाई म्हणत.

"करतोच. चांगल्यातली खोडसुद्धा यांना ऐकू येते, त्याला काय करू?"

मी मधल्या बोटाच्या पेराने घागरीच्या पोटावर टिचकी देई. चांगल्या घागरीचा नाद काठापासून निघतो, बुडाशी जातो आणि वळून परत वर येतो. बुडाच्या सांध्याचा डाख, म्हणजे धातूचा जोड, कच्चा असेल तर तो खाली जातो आणि तिथेच बसतो. ते सांगायला मला फार वेळ लागत नसे. सासूबाई अभिमानाने तांबटाकडे पाहत, आणि घरी आल्यावर तो अभिमान घागरीबरोबर मांडणीवर ठेवून देत.

एका उन्हाळ्यात मी धीट झाले. दुपारी घर निजले की परसात सात भांडी मांडी: काशाच्या तीन वाट्या, पितळेच्या दोन, मातीचे एक बोळके, आणि एक दगडी खल, जो फक्त 'ठक्' म्हणे पण त्याच्यावाचून ओळ संपत नसे. वाट्यांत कमीजास्त पाणी घालायचे आणि चिंचेच्या सोललेल्या काडीने काठाला स्पर्श करायचा. राग मला ठाऊक नव्हते. मला एवढेच पाहायचे होते की वसंततिलका पाण्यातून कशी ऐकू येते. ती सुरेख ऐकू येते. काशाच्या वाटीतला गुरू काडी उचलल्यावरही हवेत राहतो, पाण्यावर त्याची बारीक थरथर दिसते, आणि पुढचा लघू त्या थरथरीवर पाय ठेवून पलीकडे जातो.

चार दिवसांनी मामंजींनी मला ओसरीच्या दाराशी बोलावले. ते माझ्याशी थेट बोलत नसत. सासूबाई उंबऱ्यावर उभ्या राहत आणि बोलणे त्यांच्यामार्फत चाले.

"हिला विचारा," मामंजी म्हणाले, "दुपारी आपल्या परसात कोणाचा जलतरंग चालला होता? शेजारी विचारतात, घरी कलावंतीण ठेवली का म्हणून."

"सासूबाई," मी दाराआडून म्हणाले, "त्यांना सांगा, वाट्या होत्या."

"वाट्यांत काय होते?"

"पाणी."

"पाणी कशासाठी?"

"सांगा की वाट्यांत पाणी कशासाठी असते ते त्यांना माहीत असेल. कोणी पाहुणा आला की त्याला विचारतात ना, पाणी हवे का म्हणून."

सासूबाईंनी हे शेवटचे पुढे पोचवले नाही. पोचवायची गरजही नव्हती. मधे फक्त एक दार होते.

"वाटी वाटीच राहील," मामंजींनी निवाडा दिला. "तिचे वाद्य होणार नाही." त्या दिवसापासून वाट्या दुपारी कुलपात जाऊ लागल्या. जाते उघडेच राहिले.

त्याच वर्षी माझी धाकटी जाऊ नांदायला आली. चौदा वर्षांची, खाली मान घालून चालणारी, पण कान मोकळे. चौथ्या दिवशी माझ्याबरोबर दळायला बसली आणि हळूच म्हणाली, "जाऊबाई, तुमचं जातं आमच्या माहेरच्या जात्यापेक्षा वेगळं बोलतं." माझ्या वैधव्याच्या अकरा वर्षांत घरातल्या कोणालाही हे ऐकू आले नव्हते. मला तिचे तोंड धरून मुका घ्यावासा वाटला. त्याऐवजी मी म्हणाले, "दाणे जरा कमी घाल, मग बघ काय म्हणतं."

आमच्या पेठेतल्या हौदाला कात्रजचे पाणी येते. त्या नळाला वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोऱ्यांसारखे उच्छ्वास बांधलेले आहेत, पाण्याबरोबर आलेली हवा बाहेर पडावी म्हणून. वैशाखात आम्ही दोघी देवदर्शनाला एका उच्छ्वासाजवळून जात होतो. वारा नेमक्या बाजूने सुटला, त्याच्या तोंडावरून घसरत गेला, आणि आतून एक खोल, लांब हुंकार उठला. तिने माझे मनगट पकडले.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही. वारा घागर फुंकतोय."

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला शिकवाल? आश्विनात माझी पहिली अष्टमी आहे."

तिच्या आवाजात काय होते ते कळायला आमचा आचार माहीत हवा. आश्विनातल्या अष्टमीला आमच्याकडे महालक्ष्मी बसते, तांदळाच्या उकडीचा मुखवटा केलेली. तिन्हीसांजेनंतर सवाष्णी तिच्यापुढे जमतात, घागरीत उदाचा धूर घेतात, घागर तोंडाशी धरून फुंकतात आणि त्या हुंकारावर नाचतात. नाचता नाचता एखादीच्या अंगात येते, ती देवी म्हणून बोलते, आणि लोक तिला प्रश्न विचारतात. नव्या सुनेने पहिल्या वर्षी आपल्या माहेरची घागर एकटीने फुंकायची असते. ती घुमली, की देवीने तिला पदरात घेतले. नाही घुमली, तर पुढचे वाक्य कोणी पुरे करत नाही, आणि अपुरे वाक्य जन्मभर त्या मुलीच्या मागे फिरते. घरात कोणी आजारी पडले की फिरते, गाय आटली की फिरते.

मी तिला कोठीत शिकवले, मातीच्या मडक्यावर. "आत फुंकायचं नाही. काठावरून पलीकडे. दूध निववताना फुंकतेस तसं. खालचा ओठ काठाला टेकव, वरचा मोकळा ठेव, आणि घाई करू नकोस; मडक्याला उत्तर द्यायला वेळ दे." पहिल्यांदा मडके घुमले तेव्हा तिने ते दचकून दूर धरले, आणि मग अशी हसली की मला कोठीचे दार लावून घ्यावे लागले. पंधरा दिवसांत तिचा श्वास तयार झाला. माझी त्याविषयी खात्री होती, आणि त्या खात्रीवरच पुढचे सगळे घडले.

अष्टमीच्या आधी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे घरातली भांडी माझ्यापुढे मांडली. मी एकेक वाजवून पाहिले; एक तपेला कल्हईला पाठवायला सांगितला. जावेची माहेरून आलेली घागर तांदूळ भरून देवघरात ठेवलेली होती.

"तीही पाहते," मी म्हणाले.

"ती नको," सासूबाई म्हणाल्या. "सौभाग्याची आहे. तुझं बोट नको तिला."

त्या रागावलेल्या नव्हत्या. आज आमटीत मीठ बेताने घाल, असे सांगावे तशा म्हणाल्या. अशा रीतीने त्या घरातली एकच घागर कोणी तपासली नाही, आणि ती तीच होती.

अष्टमीच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात नारळ खवत बसले होते. माझी जागा तीच. माजघरातून उदाचा वास येत होता, ताज्या उकडीचा, दमट रेशमाचा. आधी घरच्या आणि शेजारच्या सवाष्णींच्या घागरी घुमल्या, एकीत एक मिसळून. जमिनीतून तो नाद माझ्या तळपायांत येत होता. मग सगळ्या थांबल्या. आता ती एकटी.

काहीच नाही. नुसता श्वास.

"जोरात फुंक गं."

"ओठ नीट लाव आधी."

मग कोणीतरी, अर्धे हसू दाबून: "माहेरी काय फक्त चूल फुंकायला शिकवलं का हिला?"

मग एक म्हातारा, सावकाश आवाज: "देवी तोंड फिरवते ना, तेव्हा असंच होतं."

त्यानंतर कोणी हसले नाही. ती पुन्हा फुंकत होती, पुन्हा, श्वास तुटेपर्यंत. मी खवणीवरचा हात थांबवला. तिचा श्वास बरोबर होता. मी शिकवलेला श्वास मला ओळखू येणार नाही काय? पण त्याच्याखाली आणखी एक बारीक आवाज होता, झाकणाखालून वाफ निसटावी तसा. हवा खालून कुठेतरी पळून जात होती.

"घागर गळकी आहे," मी आतून म्हणाले.

बाहेर बायका तिला पुन्हा ‘जोरात’ म्हणाल्या.

"घागर गळकी आहे. बुडाचा डाख सुटलाय. पोरीचा दोष नाही."

"आतलीनं आत असावं," तोच म्हातारा आवाज म्हणाला.

मी खवणी बाजूला सारली आणि बाहेर आले. बायकांनी आपापले पदर आवरून घेतले. रेशमाची एक लाट माझ्यापासून दूर सरली. धाकटी जाऊ मधोमध उभी होती, काठाने ओठ सोलवटलेला, डोळे देवीवर खिळलेले. मी तिच्या हातांतून घागर घेतली आणि टिचकी दिली. नाद खाली गेला आणि तिथेच बसला. कोपऱ्यातला तांब्या उचलून मी घागरीत पाणी ओतले आणि घागर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उंच धरली. बुडाशी एक थेंब जमला, लोंबकळला, रांगोळीवर पडला. मग दुसरा. मग धार लागली.

"पाहिलं ना सगळ्यांनी," सासूबाई घाईने म्हणाल्या. "झालं. आता तू आत जा."

मी आत गेले असते, तर कदाचित तिथेच मिटले असते. पण त्या म्हाताऱ्या बाई पुन्हा बोलल्या. "आता काय उपयोग? बोडकीचा हात लागला. आता हिनं सोन्याची फुंकली तरी देवी ऐकायची नाही." आणि मी पाहिले की मुलीने ते मानले. तिचे खांदे खाली आले. कोणीतरी दुसरी घागर तिच्यापुढे केली होती. तिने हात पुढे केला नाही.

मी आत गेले. स्वयंपाकघरातली पाण्याची घागर उचलली, जी मीच आळीतून निवडून आणली होती, तिच्यातले पाणी मोरीत ओतले, आणि ती घेऊन बाहेर आले. खालचा ओठ काठाला टेकवला आणि देवीपुढे, त्या सगळ्या सवाष्णींमध्ये, फुंकली.

हे मी तिच्यासाठी केले असे लिहिता आले असते. वाचायलाही ते बरे दिसले असते. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे, की अकरा वर्षे मी तो नाद भिंतीपलीकडून ऐकला होता, आणि अकरा वर्षे मला ठाऊक होते की त्या घरात माझ्याइतकी चांगली घागर कोणालाही फुंकता येणार नाही. मी गर्वाने फुंकली. घागर अशी घुमली की समईची ज्योत कापली. तांब्याचा गार वास नाकात होता, काठ ओठाशी थरथरत होता, आणि तो हुंकार छातीतून निघून घागरीत गेला, तिथे मोठा झाला आणि सगळे माजघर भरून परत माझ्याकडे आला. अकरा वर्षांनी माझ्या हाताबरोबर काहीतरी उघडपणे वाजले.

दुसऱ्या श्वासाला माझ्याशेजारी आणखी एक घागर घुमली. धाकट्या जावेने पुढे केलेली घागर घेतली होती. तिचा नाद माझ्याहून थोडा वर होता. दोन्ही एकमेकांवर घासले आणि मधे तिसराच एक नाद उठला, जो आम्हा दोघींचाही नव्हता. निम्म्या बायका कुंकू न घेता निघून गेल्या. उरलेल्या जागच्या जागी होत्या. दोघी-तिघींच्या पायांनी ताल धरला होता आणि त्यांनी तो लुगड्याच्या घोळात लपवला होता. पण पाय मला दिसावे लागत नाहीत.

सकाळी ओसरीवर मामंजी आणि आमचे उपाध्ये बसले. उंबऱ्यावर सासूबाई, दाराआड मी. प्रायश्चित्त काय ते उपाध्यांनी सांगितले. वर लिहिलेच आहे. मग ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एक विचारतो. त्या वेळी शुद्ध होती का? घागरी घुमू लागल्या की पुष्कळींच्या अंगात येते. देवीनेच संचार केला असेल, तर दोष या देहाला लागत नाही. मग प्रायश्चित्ताचेही कारण उरत नाही."

ते भले गृहस्थ होते. माझ्यासाठी त्यांनी एक दार किलकिले केले होते, आणि ते मला कळले. सासूबाईंनाही कळले. त्या माझ्याकडे वळल्या आणि ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "हो म्हण. अगं, हो म्हण ना."

"शुद्ध होती," मी म्हणाले. "देवीला यात ओढू नका. फुंकली ती मी."

"मग चूक झाली म्हणावे," मामंजी म्हणाले. त्या दिवशी ते सासूबाईंना विसरून थेट दाराशीच बोलत होते.

"चूक घागरीत होती. ती न तपासण्यात होती. ज्यांची चूक त्यांनी म्हणावे."

"तुला शास्त्र—"

"गुरुजींनी श्लोक सांगावा. विधवेने घागर फुंकू नये असा. मी अन्वय लावीन, आणि बसला तर आत्ता देवीपुढे उभी राहते."

उपाध्ये खाकरले. "हा श्लोकाचा विषय नाही, बाई. आचाराचा आहे."

"आचार म्हणजे लोक करतात ते. काल एकीने केले."

ओसरीवर मामंजींनी झोपाळ्याला पाय दिला आणि कड्या कुरकुरल्या. मग मामंजींनी निवाडा दिला, शांतपणे, दप्तरात देत तसा. माझ्या हातचे कोणी खाणार नाही. स्वयंपाकघर मला बंद. परसातल्या पडवीत मी वेगळी चूल मांडावी आणि ते वाक्य म्हणेपर्यंत तिथेच राहावे. धाकट्या सुनेने तुळशीवृंदावनाच्या पलीकडे पाऊल टाकू नये. पेठेत मात्र, अंगात आले होते, असेच सांगायचे ठरले. पाणी भरताना हौदावर मला कोणी त्याविषयी विचारले की मी तिथल्या तिथे दुरुस्त करी.

गळकी घागर तिच्या माहेरी परत गेली. मुलगी गेली नाही. थेंब सगळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे ते अपुरे वाक्य तिच्या मागे लावणे कोणाला जमले नाही.

मला काही वाटले नाही, असे म्हणणार नाही. एकटीसाठी भाकरी थापायला हात धजत नाही. संध्याकाळी घरातून फोडणीचा वास येई आणि मला त्यातला हिंग जास्त झालेला कळे. सांगायला कोणी नसे. सणाला माझे पान पायरीवर ठेवून जात, आणि ठेवणारीची पावले परत जाताना घाईची असत. आजारी पडले तेव्हा तीन दिवस माझ्या कपाळाला कोणाचा हात लागला नाही. एकदा, पौषातल्या थंडीत, ते वाक्य माझ्या जिभेवर आलेही होते. मी ते मोजून पाहिले. गुरू, गुरू, गुरू, लघू, गुरू, गुरू. त्या एकट्या लघूवर सगळ्या ओळीचा तोल गेला होता. मी ते गिळले आणि शेगडीत आणखी एक गोवरी घातली.

पडवीत मला बंदी घालायचे सगळे विसरले होते. फुटकी म्हणून परसात टाकलेली मडकी मी गोळा केली आणि उतरंडीसारखी न रचता ओळीने मांडली. तडा गेलेल्या मडक्याला एकच आवाज उरतो, पण तो त्याचा स्वतःचा असतो. दुसऱ्या कोणत्याही मडक्यात तो सापडत नाही. वळचणीला मी बांबूची कांडी टांगली, लहानमोठी. वारा पर्वतीकडून आला की ती एक म्हणत आणि नदीकडून आला की दुसरे. आणि धाकटी जाऊ तुळशीच्या घराकडच्या बाजूला कपडे धुवायला बसू लागली. ती तिकडे दगडावर लुगडे आपटी, मी इकडे मडक्यावर काडी टाकी. तिने वृंदावनापलीकडे कधी पाऊल टाकले नाही. मामंजींना ओसरीवर सगळे ऐकू येई, आणि लुगडी तर धुवायलाच हवीत.

पुढच्या आश्विनात, सप्तमीच्या दुपारी, सासूबाई पडवीत आल्या. वर्षभरात पहिल्यांदाच. कडेवर एक घागर होती, मागे मोलकरणीच्या डोक्यावर आणि हातांत आणखी चार. मोलकरणीला त्यांनी लगेच परत पाठवले. त्या वाळल्या होत्या. चुलीपुढच्या धुराने डोळे लाल झाले होते. यंदा आमच्याकडे पाच सवाष्णी घागर फुंकणार होत्या.

"मी वाजवते," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "तू नुसतं ऐकून सांग. हात लावू नकोस."

मी मडक्यांपुढून उठले नाही. "नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"दुसऱ्याच्या बोटानं मला ऐकू येत नाही, सासूबाई."

हे खोटे होते, आणि त्यांना ते माहीत होते. मला भिंतीपलीकडून ऐकू येते. "तपासायच्या तर माझ्या हातानं तपासीन," मी म्हणाले. "नाहीतर न्या परत, आणि देवीवर सोडा."

"तुझा हट्ट गेला नाही अजून."

"नाही."

"यांना कळलं तर?"

"त्यांनाही कान आहेत. ऐकू देत."

त्यांनी एकदा ओसरीच्या दिशेला पाहिले. मग त्यांनी घागर खाली ठेवली, बाकीच्या चार तिच्याजवळ ओळीने मांडल्या, माझ्याकडे पाठ केली आणि तुळशीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, म्हणजे जे होईल ते त्यांनी पाहिलेले नसावे.

मी मधले बोट वाकवले आणि टिचकी दिली. पहिली चांगली. दुसरी चांगली. तिसरीचा नाद खाली गेला तो वर आला नाही.

"ही नको," मी म्हणाले.

"बरं," त्या न वळता म्हणाल्या.

चौथी चांगली. पाचवी सगळ्यांत चांगली; जाड काठ, भरीव पोट, चिंचेने घासून लखलखणारी. ती मी उचलली. खालचा ओठ काठाला टेकवला आणि फुंकली. हुंकार परसातून निघाला, स्वयंपाकघरातून, माजघरातून ओसरीपर्यंत गेला. तिकडे झोपाळ्याच्या कड्या थांबल्या.

सासूबाई वळल्या नाहीत.

"झालं का?" त्यांनी विचारले.

"अजून नाही," मी म्हणाले.